पोर गप्प झालं तेव्हा

ऑक्टोबर सरत आला की आमच्याकडे एका दिवसात दोन ऋतू मावतात. पहाटे दव पडलेलं असतं, अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं. आणि दहा वाजले की ऊन चावायला लागतं. डहाणू रोडहून मी कामाला निघते तेव्हा जीपमध्ये बायकांच्या पायाशी फडक्यात गुंडाळलेले विळे असतात. चारोटीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी चाललेली. कापलेल्या भाताला एक वास असतो. तो हिरव्या गवताचा नाही आणि तांदळाचाही नाही. किंचित गोड, किंचित धुळकट, आणि नाकातून दिवसभर न जाणारा. माझं माहेर किनाऱ्याकडचं, मिरचीची आणि भाताची शेती असलेलं. त्यामुळे हा वास मला लहानपणापासून सुट्टीचा, दिवाळीचा, नव्या भाताच्या पेजेचा वाटायचा. गेली तीन वर्षं तसा वाटत नाही. आता तो आला की माझा हात आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे जातो आणि मी कुणाचे तरी श्वास मोजायला लागते.

मी परिचारिका आहे. चारोटीच्या पुढे, तलासरीच्या बाजूला, महामार्गापासून जरा आत एका ट्रस्टचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. चौदा सालापासून मी तिथे आहे. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे एक गमतीची अदलाबदल होते. पुरुषांचा वॉर्ड ओस पडतो, कारण अंगात ताप असला तरी कुणी शेत सोडून येत नाही; आणि मुलांचा वॉर्ड भरतो. पहाटेची थंडी, झोडणीची धूळ, घरातला चुलीचा धूर, आणि आई दिवसभर वाकलेली शेतात. पोराला खोकला होतो, खोकल्याचा दम होतो, आणि ते पोर आमच्यापर्यंत येईस्तोवर दोन-तीन दिवस उलटलेले असतात.

सोळा सालच्या कापणीत मी दोन माणसांची हृदयं थांबताना पाहिली. त्यातलं एक माणूस साठीला टेकलेलं होतं आणि एक दहा महिन्यांचं.

साठीचे ते मधूकाका. किनाऱ्याकडचे चिकूबागायतदार, आवाज मोठा, दर वाक्यात एक गुजराती शब्द. छातीत जळजळतंय म्हणून एका सकाळी स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालत आले. डॉक्टरबाईंनी त्यांना झोपवून छातीला मॉनिटरच्या तारा लावल्या. मी सलाईन लावत होते आणि ते मला समजावत होते.

"हे बघ बेन, चिकू झाडावर कधी पिकत नाही. उतरवायचा, चीक धुवायचा, मग—"

तेवढ्यावर थांबले. शब्द तोंडातच राहिला. डोळे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी थरथरायला लागली. त्यांची बायको शेजारी मोसंबं सोलत बसली होती, तिच्या हातातली फोडही खाली पडायच्या आत हे झालं.

आमच्या मुख्य परिचारिका राऊत सिस्टर तेव्हा दारातच होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर ठेवून वावरणाऱ्या. त्यांनी एका उडीत खाट गाठली आणि दोन्ही तळहातांनी काकांची छाती दाबायला सुरुवात केली. मी शॉकची मशीन ओढत आणली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळे बाजूला," आणि शॉक दिला. काकांचं अंग उसळलं. सिस्टरांचे हात पुन्हा छातीवर गेले. दोनेक मिनिटं तशी गेली, आणि काकांनी सिस्टरांचा हात झटकला. रेघ पुन्हा ठोक्यागणिक नीट चालायला लागली होती.

"छातीवर कोण बसला होता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

दुपारी त्यांना वलसाडला पाठवलं. आठवड्यानं फोन आला, रक्तवाहिनी उघडली, काका ठीक आहेत, फक्त दोन बरगड्या दुखतात. आम्ही सगळे चार दिवस ताठ मानेनं फिरत होतो. मी जरा जास्तच. मशीन मी आणली होती ना! मला वाटलं, हृदय थांबणं म्हणजे काय ते मला आता कळलं. ते असं असतं: बोलता बोलता, एका क्षणात, दिवा गेल्यासारखं. आणि मग धावायचं, मशीन आणायची.

तीन आठवड्यांनी जानकी आली.

जानकी सायवनच्या आतल्या पाड्यावरची. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिचा नवरा तिला आणि मुलीला सकाळी मोटरसायकलवरून घेऊन आला, कागदावर अंगठा उठवला आणि लगेच परत फिरला, कारण त्या दिवशी अवेळी आभाळ भरून आलं होतं आणि कापलेलं भात शेतात उघडं पडलं होतं. एक पाऊस पडला असता तरी वर्षाचं खाणं कुजलं असतं. जानकीच्या केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या. मांडीवर मुलगी होती, मीना.

मीनाला न्यूमोनिया झाला होता. श्वास घेताना तिच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या, आणि दर श्वासाला ती बारीक कण्हत होती. मी एक मिनिट घड्याळ लावून मोजलं. सत्तर श्वास. दहा महिन्यांच्या बाळासाठी हे फार होतं. डॉक्टरबाईंनी तपासलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, सुईतून औषध सुरू केलं. म्हणाल्या, "लक्ष ठेव, शैला." मी ठेवलं. निदान माझी तशी समजूत होती.

त्या दिवशी वॉर्डात नऊ मुलं होती आणि आम्ही परिचारिका दोघीच. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र एकच, ते या खाटेवरून त्या खाटेवर फिरत होतं. मीना दुपारपर्यंत रडत होती. रडण्यात जोर नव्हता, पण रडत होती. तीनच्या सुमारास गप्प झाली.

"सिस्टर," जानकी म्हणाली, "ही माझ्याकडं बघत नाय."

"दोन दिवस झोपली नाहीये ना ती. झोप येतेय तिला. झोपू दे," मी म्हणाले.

चार वाजता मी श्वास मोजले. तीस. सकाळी सत्तर, आता तीस. मला बरं वाटलं. कण्हणंही थांबलं होतं. औषध लागू पडलं, असं मी मनात म्हटलं, आणि तिच्या कागदावर 'सुधारणा' असा शब्द लिहिला. तो शब्द माझ्या अक्षरात अजूनही त्या कागदावर असेल.

"पाय गार लागतात हिचे," जानकी म्हणाली.

मी ऑक्सिजनचं यंत्र आणून मीनाच्या पायाच्या अंगठ्याला लावलं. आकडा येईना. मला वाटलं, तार सैल झाली असेल, ती तशी नेहमीच व्हायची. मी म्हणाले, "मोजे घाल तिला," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पाचला मी तिचं इंजेक्शन भरून घेऊन आले. जानकी खाटेवर बसून होती, एक हात मुलीच्या छातीवर ठेवून, आणि माझ्याकडे बघत होती. तिनं काही म्हटलं नाही. मी मीनाकडे पाहिलं. ओठ राखेच्या रंगाचे. छाती हलली, मग बराच वेळ हललीच नाही, मग एकदा हलली. मी तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली. ठोका होता. पण एक, आणि मग किती तरी वेळानं दुसरा.

मी काय केलं? मी ओरडले, आणि धावले. पुरुषांच्या वॉर्डाकडे, मशीन आणायला.

मशीन ढकलत परत आले तेव्हा राऊत सिस्टर खाटेच्या डोक्याशी उभ्या होत्या. त्यांनी मीनाची मान किंचित उचलून सरळ केली होती, छोटा मास्क नाकातोंडावर घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं हवेची पिशवी दाबत होत्या. फार जोरात नाही. जपून.

"मशीन ठेव बाजूला," त्या म्हणाल्या. "हिचं हृदय बिघडलेलं नाही गं. हिला हवा पुरली नाही. ये, छाती धर."

मी दोन्ही हातांनी त्या एवढ्याशा छातीला वेढा घातला आणि मधोमध दोन अंगठे ठेवले. मधूकाकांची छाती दाबताना सिस्टरांनी अंगाचा सगळा भार टाकला होता. इथे माझे दोन अंगठे पुरत होते. सिस्टर मोठ्यानं मोजत होत्या. पंधरा दाब झाले की दोन श्वास. पुन्हा पंधरा, पुन्हा दोन. डॉक्टरबाई बाह्यरुग्ण विभागातून धावत आल्या आणि घशात नळी घालायची तयारी करू लागल्या. जानकी भिंतीला लागून उभी होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आधी तिच्या ओठांवरचा राखेचा रंग पातळ झाला. मग कानाची पाळी गुलाबी झाली. डॉक्टरबाईंनी दंडावर बोटं ठेवली, "थांबा" म्हणाल्या, आणि स्वतः मोजू लागल्या. "वाढतोय. शंभरच्या वर गेलाय." शॉकच्या मशीनला कुणी हातही लावला नव्हता.

डॉक्टरबाईंनी नळी घातली. आमच्याकडे एवढ्या लहान मुलाला लावायचा व्हेंटिलेटर नव्हता, म्हणून तिला सिल्वासाला न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर मी बसले. जानकी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. तासाभराचा रस्ता मी ती पिशवी दाबत गेले. दाब, सोड, मनात दोन मोज, पुन्हा दाब. तलासरी ओलांडताना मागच्या काचेतून दिसलं, लोक अजून शेतात होते. आभाळाच्या धाकानं सगळे मिळून घाईघाईनं भारे उचलत होते, म्हातारीकोतारीसुद्धा. कुणाच्या तरी खळ्यावर ताडपत्री ओढत होते. आणि मी एका पोरीचे श्वास घेत होते.

त्या तासात जे माझ्या डोक्यात हळूहळू उतरलं ते पुस्तकात मी परीक्षेपुरतं वाचलेलं होतं. मोठ्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा स्वतःच दगा देतं. रक्तवाहिनी तुंबते, आतल्या विजेची लय बिघडते, आणि चालतं-बोलतं माणूस कोसळतं. तिथे मिनिटाला मोल असतं, शॉकला मोल असतं. लहान मुलाचं हृदय बहुधा निकोप असतं. ते अचानक थांबत नाही. आधी श्वास अडखळतो, किंवा अंगातलं पाणी संपतं. पोर जिवाच्या आकांतानं भराभर श्वास घेत राहतं, तासन् तास, कधी दोन-दोन दिवस. मग दमतं. दमलं की श्वास हळू होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं उतार पडला. हृदय त्याही पुढे काही वेळ, मिळेल तेवढ्या हवेवर चालत राहतं. ते सगळ्यात शेवटी थांबतं. म्हणजे मुलाच्या बाबतीत आपल्याला वेळ मिळालेला असतो. तो वेळ मला मिळाला होता. तीनपासून पाचपर्यंत मिळाला होता.

मोठ्यांमध्येही पुष्कळदा आदल्या काही तासांत खुणा दिसतात, हे मी पुढे शिकले. आणि एखाद्या मुलाच्या हृदयातच जन्मतः दोष असतो, तेही एकाएकी थांबू शकतं. शरीर कुणाच्या नियमानं चालत नाही. पण त्या संध्याकाळी माझ्यापुरता धडा साधा होता. मी मधूकाकांकडून जे शिकले होते, ते मीनाला लावलं होतं. कोसळण्याची वाट बघत बसले होते. पोर कोसळत नव्हतं, सरकत होतं, आणि मी त्यालाच सुधारणा म्हणत होते.

मीना वाचली. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती, नंतर तिला आईच्या मांडीवर दिली, असं आम्हाला फोनवर कळलं. राऊत सिस्टरांनी फोन ठेवला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "शैला, चहा टाक." मी चहा टाकला आणि गॅससमोर उभी राहून रडले. सिस्टर आत आल्या नाहीत. चहा उतू गेल्याचा वास बाहेरपर्यंत गेला असणार, तरी आल्या नाहीत.

सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता मुलांच्या वॉर्डात खाटांच्या वर भिंतीलाच तीन मापांचे मास्क आणि पिशवी टांगलेली असते. ऑक्सिजन मोजायची यंत्रं तीन आहेत. नव्या मुली कामाला लागल्या की मी त्यांना पहिल्या दिवशी सांगते: रडणारं पोर बघून घाबरू नका, आणि गप्प झालेलं पोर बघून खूश होऊ नका. आधी त्याला हलवा, त्याची नजर आईकडे जाते का बघा. श्वास कमी झाले असतील तर विचारा, बरं वाटून कमी झाले की दमून? आकडा येत नसेल तर यंत्राला दोष देण्याआधी पाय चाचपून बघा. त्या ऐकतात, वहीत उतरवून घेतात. आणि आमच्या वॉर्डातल्या कागदावर मी पेनानं आखून एक जास्तीचा रकाना करते. नाडी, ताप, श्वास, आणि त्यापुढे 'आईचं म्हणणं'. वरून कुणी तसं सांगितलेलं नाही. डॉक्टरबाई पहिल्यांदा बघून हसल्या, आता त्या आधी तोच रकाना वाचतात.

तो रकाना का, हे मी त्या मुलींना सांगत नाही. इथे सांगते.

मीनाला घरी सोडल्यानंतर तिला तपासून घ्यायला जानकी आमच्याकडे आली, नोव्हेंबर निम्मा झाला होता तेव्हा. कापणी आटोपली होती. भात वाचलं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, निम्मं भिजलं. डॉक्टरबाईंनी मीनाला तपासलं. छाती मोकळी होती, वजन कमी होतं, पण नजर सगळीकडे भिरभिरत होती. एक हात जरा कमी उचलते का, अशी शंका डॉक्टरबाईंना आली. महिन्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं. महिन्यानं ती शंका फिटली. पण त्या दिवशी ती फिटलेली नव्हती.

जानकी जीपची वाट बघत बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. मी माझं काम सोडून तिच्यामागे गेले. काय बोलायचं ते तीन आठवडे मनात घोळवलं होतं.

"जानकी, त्या दिवशी तू मला सांगितलं होतंस. ती बघत नाही म्हणालीस, पाय गार लागतात म्हणालीस. दोनदा सांगितलंस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

आमच्या धंद्यात हे शब्द कुणी पेशंटच्या माणसाला म्हणत नाही. जानकीलाही ते कसे घ्यायचे कळेना. तिनं मीनाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "तिसऱ्यांदा पण सांगायचं होतं, सिस्टर. तुमी इंजेक्शन भरत होत्या तवा. तिचा हात माझ्या बोटाला धरत नव्हता. पण नाय सांगितलं."

"का गं?"

"तुमी परत ओरडशाल म्हणून."

"परत? मी कधी ओरडले?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "सकाळी. आम्ही आलो तवा. तुमी बोलल्या, 'तुम्हाला भात मोठं की पोर मोठं? मरायला टेकलं की आणता.' सगळ्यांच्या समोर बोलल्या."

मला आठवेना. खरंच आठवेना. आजही मी ती सकाळ पुन्हा पुन्हा उलगडून बघते; कागद आठवतो, सत्तर श्वास आठवतात, तिच्या केसांतल्या काड्या आठवतात, पण ते वाक्य काही सापडत नाही. म्हणजे मी ते इतक्यांदा म्हटलेलं असणार की त्याची मला सवय झाली होती. आणि माझी आई, कापणीच्या दिवसांत ताप अंगावर काढून बांधावर उभी राहणारी, मला पदराला बांधून नेणारी माझीच आई, तिला कुणी असं विचारलं असतं तर तिनं काय उत्तर दिलं असतं? भाताशिवाय पोर जगणार होतं का?

सगळा दोष मी त्या चार वाजताच्या आकड्यावर टाकून मोकळी होत होते. आकडा चुकीचा वाचला, शिकून घेईन, पुन्हा चुकणार नाही. पण ज्या बाईला आपल्या पोरीचा जीव चाललाय हे आमच्या सगळ्या यंत्रांच्या आधी समजलं होतं, ती माझ्यापासून दोन हातांवर बसून गप्प राहिली होती. तिला मीच गप्प केलं होतं, आणि तेही सकाळीच.

समोरच्या रस्त्यावरून गवताच्या गाठी लादलेला ट्रक गेला, मागे धुळीचा लोट उठला. जानकीनं पदरानं मीनाचं नाक झाकलं.

"परत कोणाला असं बोलू नका," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. विनंतीही नव्हती. शेजारणीला सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

"नाही बोलणार," मी म्हणाले.

जीप आली. आत जागा नव्हती, तरी बायकांनी सरकून तिला बसायला जागा केली. कुणीतरी मीनाला मांडीवर घेतलं. जानकीनं मला माफ केलं की नाही, हे मी तिला विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.